रस्त्यावर मीठ आहे

"पुन्हा एकदा विचारतो. हा पत्रा कापला की कापला, मग मागे फिरता यायचं नाही." रूडीच्या हातात कापायची चकती होती आणि चष्मा कपाळावर चढवलेला होता. "नवा गिअरबॉक्स मोठा आहे, जुन्याच्या जागेत मावत नाही, म्हणून कापावं लागतंय. पण कॅझ, पन्नास वर्षं ह्या गाडीच्या स्क्रूला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. आज घरी जा, झोप काढा, उद्या सांगा."

"काप," कॅझ म्हणाला.

"इंजिनसुद्धा कारखान्यातून आलेलं तेच आहे. बॉडीवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळतो. अशा आता राहिल्यात किती?"

"मला शिकवतोस? काप म्हटलं ना. माझ्या बायकोला बसायचंय तिच्यात."

बायको असं काही म्हणाली नव्हती. बर्नडेट त्या वेळी घरी मागच्या दारातलं बर्फ उपसत होती आणि आपला नवरा वर्कशॉपात काय दिवे लावतोय ह्याची तिला कल्पना नव्हती. रूडीने चष्मा डोळ्यांवर ओढला, चकती सुरू केली आणि ठिणग्या उडू लागल्या. कॅझ बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला ते बघवेना.

कॅझ म्हणजे कॅझिमिर. मिशिगनमधल्या बे सिटीच्या दक्षिण टोकाला पोलिश लोकांची जुनी वस्ती आहे, तिथला. सगळी नोकरी त्याने सॅगिनॉच्या फाउंड्रीत भट्टीसमोर काढली. तिथल्याच पहिल्या पगारांतून विशीत त्याने ही शेव्हेल घेतली होती. सत्तर सालची, दोन दारांची, गडद लाल, बॉनेटवर दोन काळे पट्टे आणि आत असं इंजिन की सिग्नलला नुसतं उभं राहिलं तरी शेजारच्या दुकानाच्या काचा थरथराव्यात. बर्नडेट तेव्हा बेकरीच्या काउंटरवर होती. लग्नाआधी ती ह्याच गाडीतून खाडीकाठी फिरायला जायची, काच खाली, केस मोकळे. घरी गेली की आईच्या शिव्या खायची. आई शिव्या देऊन झाल्या की हळूच विचारायची, किती पळते गं ती गाडी?

लग्न झालं, दोन पोरं झाली, बाजारहाटाला एक साधी गाडी आली आणि शेव्हेल देवघरात गेली. देवघरच म्हणायचं. पहिला बर्फ पडला आणि रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक फिरू लागले, की ती ब्लँकेट पांघरून गॅरेजात जाई, ती एप्रिलच्या पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत बाहेर येत नसे. मीठ बर्फ वितळवतं आणि गाडीचा पत्राही खातं, हे मिशिगनचं शेंबडं पोरही जाणतं. बाकीचे लोक कुरकुरत का होईना गाड्या काढतात. कॅझ काढत नसे. लोक नावाजत, "गाडी सांभाळावी तर कॅझने." त्या एका वाक्यावर तो आठवडाभर जगायचा.

मग एका उन्हाळ्यापासून बर्नडेट गाडीत बसेनाशी झाली. आधी म्हणाली, कंबर दुखते. पुढच्या वर्षी म्हणाली, सीट तापते, मांड्या भाजतात. मग पेट्रोलचा वास केसांना लागतो, मग आवाजाने डोकं उठतं. कॅझला ह्या सगळ्या तक्रारी तोंडपाठ होत्या आणि प्रत्येकीवर त्याचं उत्तर एकच होतं. गाडी ओरिजिनल आहे, तिला हात लावायचा नाही.

पण उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या आवारात जुन्या गाड्यांवाले जमत, तिथे त्याला टोचायला लागलं. बॉनेट उघडून गाड्या रांगेत लावायच्या, शेजारी घडीच्या खुर्च्या टाकायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंजिन दाखवत बसायचं, हा तिथला रिवाज. बाकीच्यांच्या शेजारच्या खुर्चीत बायका असत. विणत असत, कंटाळत असत, नवऱ्यांची टिंगल करत असत, पण असत. कॅझही दोन खुर्च्या न्यायचा. दुसरीवर त्याचं जाकीट बसायचं.

बहात्तरावं लागलं तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, आता पुरे. तिच्या ज्या ज्या तक्रारी आहेत त्या सगळ्या काढून टाकायच्या. मग ती कुठे जाते बघू.

जून उजाडता उजाडता गाडी घरी आली. बाहेरून तीच लाल, तेच काळे पट्टे, उलट रंग जास्तच चकाकणारा. आतून सगळी नवी. बर्नडेट पिठाचे हात पुसत अंगणात आली. कॅझने दार उघडून धरलं. साखरपुड्याच्या दिवशीही त्याने तिच्यासाठी दार उघडलं नसेल.

"हे बघ, एसी. हात लाव, कसं गार येतंय. सीट मऊ आहे आणि मागून कंबरेला आधार देते, हे बटण दाबायचं. पेट्रोलचा वास आता शोधून सापडायचा नाही. आणि आवाज ऐक. येतोय का आवाज?"

आवाज खरंच येत नव्हता. बर्नडेट गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आली. जुना गिअरचा दांडा होता तिथे तिने वाकून पाहिलं. वरचा पांढरा गोळा कॅझच्या तळव्याने झिजून पिवळा पडला होता, तो आता नव्हता.

"छान झालीय," ती म्हणाली.

"बस की मग."

"ओव्हनमध्ये पाव आहे."

"पाव झाल्यावर बस."

"बघू."

बर्नडेटचं 'बघू' म्हणजे काय हे न कळायला त्यांचं काही काल लग्न झालं नव्हतं. पण माणसाला ऐकायचं नसलं की कान सोयीचे होतात. कॅझने तासभर गाडी सुरू ठेवली, आत गारवा धरून ठेवायला. पाव झाला, गार झाला, रात्री त्याच्याबरोबर सूप खाऊन झालं. तिने गाडीचा विषय काढला नाही.

बुधवारी तो एकटाच गेला. आवारात पुढची रांग जशीच्या तशी राखलेल्या गाड्यांची असते आणि ज्यांनी आतलं बदललं त्यांनी मागे, कचऱ्याच्या पेट्यांकडच्या बाजूला लावायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण तिथे ते चर्चमधल्या जागांइतकं पक्कं आहे. कॅझने सवयीने आपल्या नेहमीच्या जागेवर गाडी घातली, पुढच्या रांगेत, आर्ट झिमरच्या शेजारी. आर्ट त्याचा फाउंड्रीतला दोस्त. रूडीकडे गाडी गेलीय एवढंच त्याला माहीत होतं. त्याला वाटलं होतं, रंग द्यायला गेली असेल.

"उघड बघू," आर्ट म्हणाला.

कॅझने बॉनेट उघडलं. आर्टने दोन्ही हात मागे बांधून आत पाहिलं. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही हा त्याचा नेम होता.

"हे काय आहे रे? इंजिन आहे का फ्रीज? असलं काळं प्लास्टिक माझ्या सुनेच्या गाडीत असतं."

"नवं आहे. किल्ली फिरवली की सुरू. थंडी नाही, वारा नाही."

"आणि जुनं?"

"ओहायोच्या एकाने नेलं."

"आईचे दागिने मोडून टोस्टर घेतलास लेका." आजूबाजूचे हसले, आर्ट हसला नाही. "गाडी मागे लाव, कॅझ."

"इतकी वर्षं ही माझी जागा आहे."

"जागा तुझी नव्हती, गाडीची होती. ती गाडी कुठाय आता?" मग आर्टची नजर घडीच्या दुसऱ्या खुर्चीवर गेली आणि त्याने आवाज खाली आणला. "अन् जिच्यासाठी हे केलंस, ती तरी आलीय का?"

कॅझने बॉनेट लावलं. मागच्या रांगेत काही तो गेला नाही, तडक घरी आला. पण वाटेत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचा राग आर्टवर न निघता बर्नडेटवर निघाला. घरचं माणूस हाताशी असतं ना.

ती कोबीची पानं उकळत्या पाण्यातून काढत होती, उद्या त्यांत खिमा भरायला.

"चारचौघांत नाक कापलं माझं," तो दारातूनच म्हणाला. "तुझ्यासाठी केलं सगळं. तुझी कंबर, तुझी सीट, तुझे केस. जी जी म्हणालीस ती गोष्ट बदलली. आता कशाची अडचण आहे ते तरी सांग. कुणाला दुसऱ्याला बसवू का तिच्यात?"

"मी सांगितलं होतं बदलायला?"

"तीस वर्षं कुरकुरतेयस."

बर्नडेटने गॅस बंद केला. हातातलं पान ताटलीत सपाट पसरलं.

"माझी कंबर कधीच दुखत नव्हती, कॅझ."

"मग?"

"आई गेली ती सकाळ आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं?" कॅझचा आवाज एकदम मऊ झाला, थोडा फुशारकीचाही. कारण ती सकाळ त्याच्या लेखी त्याच्या मोठेपणाची होती. "सॅगिनॉच्या हॉस्पिटलमधून फोन आला, लगेच या. आणि आपली बाजारहाटाची गाडी थंडीने मेलेली. मी पाऊण तास बर्फात उभा राहून शेजाऱ्याच्या गाडीवरून बॅटरीला वायरी जोडल्या. बोटं बधिर झाली होती माझी. दोनदा जोडल्या, तिसऱ्यांदा चालू झाली. तुझ्यासाठीच ना?"

"हो. आणि मी गॅरेजच्या दारात उभी होते, कोट घालून, पर्स धरून. आत तुझी गाडी ब्लँकेट पांघरून उभी होती. तिच्या बॅटरीला चार्जर लावलेला होता. मी म्हटलं, कॅझ, ही काढ ना. तू काय म्हणालास?"

कॅझ ताटलीतल्या पानाकडे बघू लागला.

"तू म्हणालास, रस्त्यावर मीठ आहे. मान वर करूनसुद्धा बघितलं नाहीस."

"मला आठवत नाही तसलं काही."

"तुला आठवत नाही हे मला माहितीय. मयताच्या जेवणाला तू टेबलाटेबलावर जाऊन सांगत होतास बॅटरी कशी चालू केलीस ते. लोक तुझी पाठ थोपटत होते. मी पोचले तेव्हा नर्स आईचा चष्मा पिशवीत घालत होती. म्हणाली, आत्ताच गेल्या हो, सारखं दाराकडे बघत होत्या."

"तेव्हाच का नाही बोललीस मग?"

"काय बोलायचं होतं? पोरं लहान होती, तुझी फाउंड्री आज बंद पडते की उद्या अशी होती. भांडून आई परत येणार होती का? कंबर दुखते म्हणणं सोपं होतं." तिने दुसरं पान उचललं. "तू मला उन्हात बसवलं असतंस, दगडावर बसवलं असतंस, तरी मी बसले असते रे. सीटचं काय घेऊन बसलास?"

आपलं काही चुकलं असं म्हणायला कॅझची जीभ वळेना, आणि चुकलं नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. शेवटी तो गॅरेजात जाऊन बसला. त्याला राग यावा असं फार वाटत होतं, पण तो येईना.

उन्हाळा गेला, पानगळ झाली. पुढे बुधवारी तो कधी आवारात गेला नाही. घरात बोलणं होतं ते कामापुरतं. दूध संपलंय, मुलीचा फोन होता, गोळी घेतलीस का. बर्फ पडला तेव्हा त्याने गाडीवर ब्लँकेट घातलं नाही. गॅरेजात ती तशीच उघडी उभी होती.

फेब्रुवारीत, ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या आधीचा मंगळवार आला. त्या दिवशी पोलिश वस्तीत घरोघर पूंचकी खातात, आत जॅम भरलेले तळलेले गोळे. उद्यापासून चाळीस दिवस तोंड बांधायचं असतं ना. चर्चच्या हॉलमध्ये ते विकायचं काम बर्नडेटकडे. सकाळी ती कोट चढवून निघाली तर कॅझ शेव्हेल गॅरेजाबाहेर काढून, इंजिन सुरू करून उभा. नुकताच मिठाचा ट्रक गेला होता, रस्ता पांढरा झाला होता.

"मी सोडतो तुला हॉलवर," तो म्हणाला. दार त्याने उघडून धरलं होतं.

बर्नडेटने रस्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला त्याची कीव आली असावी. पण कीव आली म्हणून सगळं होतंच असं नाही.

"माझी गाडी चालू होते," ती म्हणाली. "नवी बॅटरी घातलीय."

ती आपल्या गाडीतून गेली. कॅझने दार लावलं, स्टिअरिंगवर बसला आणि उलट्या दिशेला निघाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीची चाकं मिठावरून फिरली. खालून खडे पत्र्यावर ताडताड आपटत होते. पूर्वी असा एक खडा आपटला असता तर त्याचा जीव गोळा झाला असता. पुढच्या ट्रकने उडवलेला काळा चिखल काचेवर येत होता आणि वायपर तो पुसत होते. हॉस्पिटलच्या दारापाशी जाऊन तो थांबला. आत भेटायला कुणी नव्हतं. मागच्याने हॉर्न दिला तसा तो वळून घरी आला.

बर्नडेट दुपारी परतली, हातात उरलेल्या पूंचकींचा खोका. कॅझ अंगणातच होता. गाडी खिडक्यांपर्यंत मिठाने पांढरी झाली होती, लाल रंग कुठेकुठेच दिसत होता. पाण्याचा पाइप भिंतीवर टांगलेला तसाच होता.

"कुठे गेला होतास?"

"सॅगिनॉला. हॉस्पिटलपर्यंत."

थंडीत दोघांच्या तोंडातून वाफ येत होती.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"अर्धा तासही नाही."

"मला माहीत होतं," बर्नडेट म्हणाली. गाडी दारासमोर आडवीच उभी होती. तिने एका हाताने खोका सावरला, दुसऱ्याने कोट आवळून धरला, आणि मीठ लागू नये म्हणून अंग चोरून, गाडीला वळसा घालून ती घरात गेली.