चमच्याऐवजी कप

माझा ट्रॅक्टर विकत घ्यायला आमचे व्याही हिंदुराव शेळगावहून पणदऱ्याला आले, ते दस्तगीर मिस्त्रीला सोबत घेऊनच. मिस्त्रीच्या हातात कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजायचं घड्याळ होतं. नात्यातला व्यवहार म्हटला की माणसं अशी तयारीनं येतात.

इंजिनाच्या रिंगा झिजून दाब गळतोय, हे मला ठाऊक होतं. म्हणून सकाळीच डिझेल फवारणारी तिन्ही नोझल खोलून मी आत तेल ओतलं होतं. तेलानं फट बुजते आणि घड्याळाचा काटा वर चढतो, असं मोबाइलवर पाहिलं होतं. तिथला माणूस एकेक चमचा म्हणत होता. पण आमच्या घरी चमच्यानं वाढायची पद्धत नाही. मी चहाचा एकेक कप ओतला.

दस्तगीरनं पुढचं एकच नोझल काढून तिथं घड्याळ बसवलं.

"बाकीची दोन?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्यात. एकेक तपासायचं असतंय." तो इंजिनावर वाकला. हिंदुराव सीटवर चढले. दस्तगीर मला म्हणाला, "मास्तर, जरा मागं सरा. परवा लोणी भापकरला एकाच्या इंजिनात पाणी गेलेलं. स्टार्टर मारला, तर रॉड ब्लॉक फोडून भाईर!"

"पाणीच ना?"

"पाणी काय, तेल काय. पातळ ते कुठं दबतंय व्हय?"

बोललो तर लेकीच्या, श्रेयाच्या, सासरी तोंड दाखवायची सोय नाही. न बोललो तर लोखंडाचा तुकडा दस्तगीरच्या तोंडावर. मी शाळेत इतिहास शिकवतो. अशा वेळी थोर माणसं झटक्यात निर्णय घेतात, असं मुलांना सांगतो. मी घसा खाकरला. हिंदुरावांनी चावीला हात घातला.

"थांबा! तेल हाय आत! मी ओतलंय!"

दस्तगीरनं घड्याळ आणि उरलेली नोझल काढली, आम्हाला लांब उभं केलं आणि चावी फिरवली. तेलाच्या पिचकाऱ्या गोठ्याच्या पत्र्यावर गेल्या. मग परत घड्याळ लावलं. काटा चारशेच्या जागी दोनशे चाळीसवर. तेल पिऊनसुद्धा.

"मास्तर," हिंदुराव म्हणाले, "लग्नाच्या बोलणीत तुमी म्हणला व्हता, श्रेयाचं बीएस्सी झालंय."

मी म्हणालो, "एक विषय राहिलाय."

"म्हायती हाय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं सोताहून सांगितलं." त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "घ्या. आज काय केलंत, ते तुमीच सांगा तिला."

शेळगावात एरवी कधी रेंज नसते. आज श्रेयानं पहिल्याच रिंगला फोन उचलला.