टाकी खोटं बोलत नाही

अबे थांबा, चहा नंतर सांगा, आधी हे ऐका. कोपऱ्यावर आमच्या ताईची लाल गाडी पाहिली ना आत्ता? ते घरी कशी आली ते मले सांगू द्या. आणि विहंग, तुले मधात राग येईन, तर आत्ताच सांगून ठेवतो, शेवटपर्यंत बसून राहाजो.

तर वेदिकाताईच्या ऑफिसात ऋतुजा आहे, कामठीची. लग्न ठरलं, बंगलोरले चालली, म्हणून गाडी विकून राहिली होती. साधी गाडी नाही बे, टर्बो! दिसते एवढीशी, पण पाय दाबला का पाठ सीटले चिकटते. ताई तिच्यापायी पागल. पैसे स्वतःचे जमवले, लोन स्वतःच्या पगारावर, बाबाइले एक रुपया मागितला नाही. पण अंगणात गाडी उभी करायची म्हणजे बाबाइचा हो पाहिजे ना. आणि ऋतुजानं सांगून टाकलं होतं, रविवारी संध्याकाळपर्यंत बोल, दुसरं गिऱ्हाईक लागून आहे.

आता आमचे बाबा तुम्हाले माहीत आहेत. कोणी नवीन गाडीचे पेढे घेऊन आलं तरी त्याइचा पहिला सवाल, "किती देते?" मावसभावाच्या लग्नात नवरदेव गाडीतून उतरून राहिला, बँड वाजून राहिला, आणि बाबा ड्रायव्हरच्या खिडकीत वाकून, "किती देते हो?" पुलाच्या उतारावर स्कूटर बंद करून घरंगळत येणारा माणूस आहे तो! चाळीस देते त्याइची स्कूटर, आणि ते चाळीस असे सांगतात जसे पोराले बोर्डात मार्क पडले.

ताईले म्हणे, "बुटीबोरीला रोज जाणं-येणं तुझं. गाडीचे पैसे एकदा जातात, पेट्रोलचे रोज जातात. पंधरा दिले तर घे. चौदा दिले तरी परत."

ताई म्हणे, "स्क्रीनवर दाखवते ना बाबा, किती देते ते."

"स्क्रीन कंपनीची. ती कंपनीचंच गाणार. टाकी खोटं बोलत नाही."

म्हणजे कसं, टाकी काठोकाठ भरायची, फिरून यायचं, त्याच पंपावर परत काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडी पिली. सरळ हिशोब. जायचं कुठी, तर नरखेडकडे, श्रीधरमामाच्या बगिच्यात. आई म्हणे, माहेर आहे तर मी पण येतो.

झालं. रविवारी सकाळी ऋतुजाकडून एका दिवसासाठी गाडी मागून आणली आणि काटोल रोडच्या पंपावर भरली. पंपवाला म्हणे, "झाली फुल." बाबा म्हणे, "कुठे झाली? हवा आहे आत." आणि आम्हाले म्हणे, हलवा! लाल टर्बो गाडी बे, आणि एका बाजूनं मी, एका बाजूनं बाबा, अशी डुलवून राहिलो जशी लहान पोराले ढेकर येत नाही तेव्हा आई डुलवते. मागची रांग मोबाइल काढून शूटिंग करून राहिली. ताई स्टेअरिंगवर तोंड लपवून बसली. पण मावलं बरं का अजून थोडं!

जाताना ताईनं चालवली. काय चालवली बे! पायाखाली अंडं ठेवल्यासारखी. सायकलवाला पुढे गेला तरी तिनं दाबलं नाही. एसी बंद, सगळ्याइचा घाम. मामाच्या अंगणात पोचलो तर स्क्रीनवर सोळा! ताईनं लगेच मोबाइलमध्ये फोटो काढला आणि येतानाचं वेगळं दिसलं पाहिजे म्हणून आकडा शून्यावर आणला. बाबा म्हणे, "स्क्रीन आहे ती."

जेवलो. मामीनं आईची ओटी भरली, मामानं संत्र्याचा कट्टा डिक्कीत टाकला. निघताना बाबा ताईले म्हणते, "आण चावी. तू दाबतेस फार."

काटोलच्या अलीकडे समोर ट्रॅक्टर, कडब्यानं भरलेला. आता आमच्या घरची ती जुनी गाडी आठवा, ओव्हरटेक करायचं म्हणजे बाबा बुडापर्यंत दाबायचे, तरी ते विचार करायची जाऊ का नको. तसंच दाबलं त्याइनं. एक सेकंद काही झालं नाही. आणि मग गाडी गेली ना बे! आई म्हणे "माय वं!" ओटीतले तांदूळ उडाले. ट्रॅक्टर आरशात मुंगीएवढा.

बाबाइचे कान लाल. हळूच म्हणते, "पुढे अजून एखादा ट्रॅक्टर आहे का रे, केयूर?"

मग काय, एसटी गेली, जीप गेली, वरात गेली. पुढे कोणीच नव्हतं तरी यांचं ओव्हरटेक चालू! ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिले माहीत होतं, आपली गाडी आपला बापच पिऊन राहिला. आवाज नाही, पण रडून राहिली होती ते.

आणि विहंग, आता ऐक. मागच्या रविवारी तुझी बाइक छत्रपती चौकात बंद पडली ना, पेट्रोल संपून? ते मी काढलं होतं. आणखी दोघाइच्या गाड्याइतून पण काढलं, तू एकटा नाही. पाच लिटरची कॅन, डिक्कीत चटईखाली लपवून ठेवली होती. अबे ताईसाठी ना! बस, बस खाली. कळमेश्वरले चहासाठी थांबलो तेव्हा बाबा हात धुवाले गेले, आणि मीनं आख्खी कॅन टाकीत रिकामी केली.

संध्याकाळी त्याच पंपावर. तोच पंपवाला. नळी लावली, चार लिटर झाले आणि खट! बंद.

बाबा म्हणे, "हवा असेल. हलवा." हलवली. थेंबभर गेलं. आणखी हलवली. टाकीतून बाहेर यायले लागलं. बाबा डोळे मिटून हिशोब करून राहिले, ओठ हलून राहिले, आणि मग एकदम माझ्याकडे पाहिलं.

"एक्केचाळीस," म्हणे. "माझ्या स्कूटरपेक्षा एक जास्त."

पंपवाला म्हणे, "साहेब, हे गाडी मले पण पाहिजे."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. श्रीधरमामा, आणि आई नेहमी स्पीकरवरच बोलते. "पोचले का वं? गाडी नीट चालली ना? तुम्ही जेवून राहिले होते तेव्हा फवारणीच्या पंपासाठी आणलेलं पेट्रोल टाकलं मी तिच्यात, काठोकाठ. चावी गाडीतच होती. भाचीची पहिली गाडी दारात आली, तिची ओटी नको भराले? रिकामी कशी पाठवू?"

माणसाच्या ओटीत नारळ टाकतात बे, मामानं गाडीच्या ओटीत पेट्रोल टाकलं!

मी म्हटलं चला, मामावर गेलं, आपण वाचलो. तर आईले ऊत आला, पंपवाल्याइले संत्री द्याले डिक्की उघडली, आणि कॅन गडगडत बाबाइच्या पायापाशी. बाबाइनं उचलली, वास घेतला, माझा हात धरून त्याचा पण वास घेतला. मी आभाळाकडे पाहून राहिलो.

ताई म्हणे, "राहू द्या बाबा. मी ऋतुजाले नाही म्हणून फोन करतो." आणि तिनं मोबाइल काढला पण.

तेव्हा आई पुढे आली. "थांब वं. टाकीनं तर आज लय खोटं बोललं. आता स्क्रीनले विचारू." वाकून पाह्यलं. "नऊ. अवो, हे नऊ कोणाचे?"

बाबा म्हणे, "येताना वारा समोरून होता."

"हो का? जाताना सोळा कोणाचे?"

बाबा कॅनचं झाकण लावाले लागले.

"गाडी घेऊन कोण राहिलं? वेदिका. रोज चालवणार कोण? वेदिका. पंधरा मागितले तुम्ही, तिनं सोळा दिले. पोरगी पास. फोन कर तू ऋतुजाले." मग बाबाइकडे वळून, "आणि तुमच्या त्या वाऱ्याले सांगा, चावीले हात लावायचा नाही."

बाबाइनं चावी ताईच्या हातात ठेवली. पण कशी ठेवली बे! जशी पोरगी सासरी पाठवून राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसतात. ताईले म्हणते, "टायर एकाच जागी उभे राहून खराब होतात, एक चक्कर मारून आणू का?" ताई म्हणते, "रोज बुटीबोरीले जाते बाबा ते."

आणि कालच, शेजारचे काका फाटकापाशी थांबले, गाडी पाहिली, म्हणे, "वा! किती देते?"

बाबा फडकं पिळत म्हणे, "चालवणाऱ्यावर आहे हो ते."

आतून आई ओरडली, "सांगा ना, नऊ!"

ए विहंग, कुठी चालला? अबे पाच लिटरमधलं तुझं दीडच होतं!