वकीलबाईंनी सांगितलेला पाव

मुलगी पळून गेली याचा एफ्रेनला राग नव्हता. त्याने स्वतः क्रेसेन्सियाला असंच पळवून आणलं होतं, आणि त्याच्या बापाने त्याच्या आईला. सांता रोमाना गावातले निम्मे संसार असेच उभे राहिलेत. पोरगा पोरीला घेऊन जातो, पोरीचा बाप गाव डोक्यावर घेतो, मग पोराकडची वडीलधारी मंडळी पावाच्या टोपल्या, चॉकलेट आणि जिवंत टर्की घेऊन दारात येतात आणि गुडघे टेकून क्षमा मागतात. बाप घटकाभर तोंड फिरवून बसतो, मग पाव मोडतो, की लग्न ठरलं. एफ्रेनचं दुखणं एवढंच होतं, की त्याच्या दारात कुणी आलंच नव्हतं.

आणि कुणी येणार नाही हे गावाच्या आधी त्यालाच कळलं होतं. क्षमेचा पाव भाजणारी भट्टी गावात एकच, आणि ती त्याची. कुणाकडे टोपल्या जाणार हे त्याला नेहमीच आधी ठाऊक असायचं. लेक ओदिलिया गेल्यापासून तो रोज अंगण झाडत होता, भिंतीलगत खुर्च्या मांडत होता. पण पाव सांगायला कुणी फिरकलं नाही.

आला तो पोरगा, एकटाच. निकासियो नाव, मोटारसायकली दुरुस्त करायचा, शहरातल्या अनाथाश्रमात वाढलेला. बरं आला तो आला, हातात काय, तर दुकानातला प्लास्टिकच्या पिशवीतला पाव. पाववाल्याच्या दारात! एफ्रेनने तो त्याच्यादेखत डुकरांपुढे टाकला, आणि डोक्यात राख घालून पोरीला पळवल्याची तक्रार ठोकली. पोरगी चांगली चोवीस वर्षांची, आपल्या पायांनी गेलेली. पण गावच्या पंचाला रोज पाव एफ्रेनकडूनच घ्यायचा होता, त्याने निकासियोला कोठडीत टाकलं. सोमवारी कागद शहरात सरकारी वकिलाकडे जायचे होते. ओदिलियाने मैत्रिणीच्या घरून निरोप धाडला, की ते कागद गावाबाहेर गेले तर ती या घराचा उंबरा जन्मात ओलांडणार नाही. क्रेसेन्सियाने नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट पुढ्यात आदळायची आणि आत निघून जायची.

तेव्हा शुक्रवारी एफ्रेन वकीलबाईंकडे गेला. सगळेच जातात. चपलांच्या दुकानावरची ती खोली म्हणजे गावाचं दुसरं चर्चच होतं. पोटगी बुडवणारा नवरा, सावकाराने उचलून नेलेलं शिलाई मशीन, जत्रेत बाटली फोडून आत गेलेला ट्रम्पेटवाला, सगळी प्रकरणं तिथल्या बाकावर मांडीला मांडी लावून बसायची. वकीलबाई इग्नासिया सत्तरीच्या, गुडघे पार गेलेले, जिना काठी टेकत चढायच्या. पण त्या आल्या की शहरातले न्यायाधीशही उठून उभे राहायचे. एफ्रेनच्या भावाने बाप गेल्यावर भट्टीवर हक्क सांगितला होता, तेव्हा ती भट्टी याच बाईने वाचवली होती.

"वकीलबाई, पोरगा आतच राहिला पाहिजे," एफ्रेन म्हणाला. "त्याने माझं नाक कापलंय."

"कापलं कसं?"

"एकटा आला. पुढे ना बाप, ना काका, ना कुणी म्हातारं माणूस. आणि पिशवीतला पाव घेऊन. माझी लायकी काढायलाच आला होता."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एफ्रेन, खरं सांग. तुला तो तुरुंगात हवाय, की पोरगी घरात हवीय?"

एफ्रेन टोपी हातात फिरवत राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याचाच त्याला संताप येत होता.

"तुझं काम मी घेत नाही," बाई म्हणाल्या. "का ते सोमवारी विचार. आणि आलाच आहेस तर, परवा मला दोन टोपल्या पाव लागेल. अंड्याचा, वर तीळ लावलेला."

"क्षमेचा?"

"हो."

"कुणाकडे जायचंय?"

"अशिलाचं गुपित फोडायला मी काय न्हावीण आहे?"

एफ्रेन पाय आपटत जिना उतरला. काम नाकारते आणि वर पाव सांगते, या बाईचं करायचं काय. पण शनिवारी कणीक मळताना त्याचा हात आखडला नाही. कुठल्या तरी नशीबवान बापाच्या दारात हा पाव जाणार होता. त्या बापापुढे लोक वाकणार होते, त्याचा मान राहणार होता. निदान त्याला तरी चांगला पाव मिळू दे, असं मनाशी म्हणत त्याने नेहमीपेक्षा जास्त अंडी फोडली. क्रेसेन्सिया दारात उभी राहून बघत होती. मग तिने तिळाचा डबा आणून शेजारी ठेवला.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर एफ्रेन अंगणात बसला होता. आज त्याने झाडलं नव्हतं, खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. गल्लीच्या टोकाला ट्रम्पेट वाजला. कुणाचं तरी भाग्य चाललंय, असं त्याच्या मनात आलं. ट्रम्पेट जवळ आला आणि त्याच्याच फाटकापाशी थांबला.

पुढे वकीलबाई, काळ्या शालीत. मागे बाईंनी सोडवलेला ट्रम्पेटवाला, शिलाई मशीन परत मिळालेला शिंपी बगलेत टर्की धरून, पोटगी मिळालेल्या दोघी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन. टोपल्यांवरची फडकी एफ्रेनने स्वतःच सकाळी बांधली होती. सगळ्यांच्या मागे निकासियो, मान खाली घालून, आणि त्याच्या शेजारी ओदिलिया.

"हा कोठडीतून कसा सुटला?" एफ्रेनच्या तोंडून एवढंच निघालं.

"माझ्या जामिनावर," बाई म्हणाल्या. "तुझी लेक तुझ्याआधी माझ्याकडे आली होती."

"आणि ही सगळी कोण लागतात त्याची?"

"आजपासून त्याच्याकडची माणसं. त्याला बाप नाही, काका नाही. म्हातारं माणूस हवं होतं ना तुला, मी आहे." बाई दम घ्यायला थांबल्या. "आणि त्या पिशवीतल्या पावाचं म्हणशील, तर गावात भट्टी एक आणि तीही तुझी. तुझी क्षमा मागायचा पाव त्याने सांगायचा कुणाला? तुलाच?"

इतके दिवस ऑर्डरची वाट बघत बसलो आणि एवढी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात शिरली नाही, या विचाराने एफ्रेनचे कान तापले.

तेवढ्यात बाईंनी काठी ट्रम्पेटवाल्याच्या हातात दिली, शाल आवरली, आणि न झाडलेल्या अंगणात त्या हळूहळू गुडघ्यांवर बसल्या. न्यायाधीश जिच्यापुढे उभे राहतात ती बाई, एका पाववाल्यापुढे. टेकताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं. मागची सगळी मंडळीही खाली बसली.

"एफ्रेन, क्रेसेन्सिया," त्या म्हणाल्या, "आमच्या पोराने तुमची लेक न विचारता नेली. चुकलं. आम्ही क्षमा मागायला आलोय."

रीतीप्रमाणे एफ्रेनने आता तोंड फिरवून बसायचं होतं. त्याला ते जमलं नाही. "उठा हो, वकीलबाई. उठा. मला बघवत नाही."

"पाव मोडल्याशिवाय उठता येत नाही. रीत मला शिकवू नकोस. आणि मोडायचा तर लवकर मोड, गुडघे माझे दुखतायत, तुझे नाही."

आत स्वयंपाकघरात क्रेसेन्सिया फसकन हसली. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

एफ्रेनने टोपलीतला पाव उचलला. अंड्याने पिवळाधमक झालेला, भरपूर तीळ. नशीबवान बापासाठी म्हणून भाजलेला. तो त्याने मोडला, अर्धा तोंडात घातला आणि चावता चावताच रडायला लागला. मग डोळे न पुसताच फाटकापर्यंत गेला. निकासियो उठून एक पाऊल मागे सरकला.

"घाबरतोस कशाला?" उरलेला अर्धा पाव पुढे करत एफ्रेन म्हणाला. "घे. आपल्या भट्टीतला आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल, ती तक्रार मागे घेऊन येऊ. आता आधी इकडे ये."

निकासियोने पाव तोंडात कोंबला आणि त्याच्या मागोमाग आत आला. मग सासऱ्याने एका बाजूने आणि जावयाने दुसऱ्या बाजूने हात घालून वकीलबाईंना उठवलं.