फोटोपुरती

"मॅडम, हात जरा वर करा आणि बोट दाखवा," फोटोग्राफर म्हणाला.

"कशाकडे?"

"कशाकडेही."

मॅडमनी नदीपलीकडच्या रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवलं. फोटो निघाला. कंपनीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर त्या अशाच उभ्या असत. डोक्यावर कोरं हेल्मेट, चेहऱ्यावर हसू, बोट कुठेतरी. त्यांच्या नणंदेने ती सगळी पत्रकं जपून ठेवली होती. आल्यागेल्याला दाखवून म्हणायची, आमची वहिनी पूल बांधते. वहिनी कचेरीत बसून पुलांची आकडेमोड करायची आणि फोटोला बोलावलं की गाडीतून यायची. फोटो झाला की तीच गाडी तिला परत सोडायची, कारण साइटवर बायकांची सोय नव्हती. सोय म्हणजे एक संडास. पुलांमागून पूल बांधणाऱ्या कंपनीला तो काही बांधता आला नव्हता.

आज मात्र फोटोनंतरही थांबायचं होतं. नदीच्या वरच्या अंगाला याच्या दुप्पट मोठा पूल व्हायचा होता आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या बाई पाहणीला येणार होत्या. जी कंपनी स्त्री अभियंत्यांना जबाबदारी देते तिला झुकतं माप मिळणार, असं कळलं होतं. म्हणून कंपनीच्या साहेबांनी त्या कामाच्या अर्जात ठोकून दिलं होतं, की चालू पुलाच्या प्रमुख अभियंता मॅडमच आहेत.

काल साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले होते. एरवी ते 'मॅडम' म्हणत, गरज पडली की 'ताई'. काल ताई होती. ताईंनी उद्या नुसती मान डोलवायची, बोलायचं ते पुतण्या बोलेल, आणि काम मिळालं की नव्या पुलावर ताई खरोखरच्या प्रमुख, असा त्यांनी शब्द दिला. पुतण्या साहेबांचाच. नवीन आला तेव्हा मॅडमनी त्याला नकाशा सुलटा धरायला शिकवलं होतं. वर्षभरात तो त्यांच्या डोक्यावर येऊन बसला.

मॅडम हो म्हणाल्या. निवृत्ती दारात आली होती. एक पूल, पायापासून, स्वतःच्या डोळ्यांसमोर उभा राहिलेला बघायचा होता. त्यासाठी एक दिवस मान डोलवायला त्यांची हरकत नव्हती. आजवर फुकटच डोलवली होती.

फोटोग्राफर सामान आवरू लागला तसे साहेब खुशीत जवळ आले. "झकास! पुढच्या पुलावरही फोटोला तुम्हीच हं, मॅडम."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली असेल, असं कुणाला वाटेल. नाही. आपण काय बोललो हे त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि मॅडमना तेच झोंबलं.

पण त्या चिडल्या नाहीत. उलट आत कसं गार वाटलं. आपल्या आकडेमोडीखालची पुतण्याची सही, भर बैठकीतलं 'चहाचं बघता का जरा', पोटात मूल असताना ऐकलेलं 'आता तुमचं कसलं लक्ष लागतंय', सगळं एकेक करून समोर येऊन बसलं. उट्टं काढायला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता.

पाहणीच्या बाई आल्या. वयाने मॅडमपेक्षा बऱ्याच लहान, पायात चिखलाने माखलेले बूट. पुतण्या पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि त्या मॅडमकडे वळल्या.

"हे पाये तुमच्या देखरेखीखाली घातले?"

साहेबांनी मॅडमकडे बघून मान डोलवून दाखवली, लहान मुलाला गाण्यातला पुढचा शब्द सुचवावा तशी.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "या कठड्याच्या पुढे मी कधी गेलेली नाही."

"मग इथे तुमचं काम काय?"

"मी बोट दाखवते."

साहेब हसून म्हणाले, मॅडमचा स्वभावच थट्टेखोर. मॅडमनी फोटोग्राफरला मघाचा फोटो दाखवायला सांगितलं. त्या बिचाऱ्याने तो कौतुकाने दाखवला.

बाईंनी मग पुतण्याला एवढंच विचारलं, की मधला खांब इतरांपेक्षा जाड का. पुतण्या खांबाकडे बघत राहिला, जसं काही उत्तर त्यावरच लिहिलेलं होतं. मॅडमना ते उत्तर झोपेतही देता आलं असतं. इतकी वर्षं तो अडखळला की त्या हळूच शब्द पुरवायच्या. आज त्यांनी ओठ मिटून घेतले आणि त्याच्या कपाळावर घाम कसा फुटतो ते नीट, सावकाश पाहिलं. फार दिवसांत काही इतकं गोड लागलं नव्हतं.

बाई चहा न घेता निघाल्या. जाता जाता मॅडमपाशी थांबून म्हणाल्या, "अर्जावर सही तुमचीही आहे." ते मॅडमना ठाऊक होतं. तरी लागलं.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. "तो पूल तुम्हालाच मिळणार होता."

"फोटोला," मॅडम म्हणाल्या.

गाड्या धुरळा उडवत गेल्या. मॅडमना कोणी बसा म्हटलं नाही. लांबून सगळं पाहत असलेला मुकादम जवळ आला आणि आता जाणार कशा म्हणून विचारू लागला. मॅडम म्हणाल्या, जाण्याचं मग बघू, आधी खाली उतरता येईल का? त्याने शिडी धरली. गुडघे कुरकुरले, पण उतरले.

खाली शेवटच्या खांबाच्या खड्ड्यात गजांचा पिंजरा बांधून तयार होता. त्यातला एकेक गज त्यांनी कागदावर काढला होता. त्यांनी एक मुठीत धरून पाहिला. मूठ पुरी मिटेना. तळहाताला गंज लागला. एका कोपऱ्यात बांधणीची तार सैल होती, ती त्यांनी दाखवली. तिथल्या कामगाराने पिळून घट्ट केली.

इतक्यात वर काँक्रीटची गाडी येऊन घरघरत उभी राहिली. मुकादम काठावरून वाकला.

"बाई, माल आला. साहेब तर गेले. प्रमुख तुम्हीच म्हणत होते ना? ओतायचं का?"

मॅडम पिंजऱ्याभोवती एकदा फिरून आल्या आणि बाजूच्या फळीवर चढून उभ्या राहिल्या.

"ओता," त्या म्हणाल्या. "मी बघते."