घड्याळवाल्याची खिडकी

पुरलेलं सोनं मशीनने सापडतं, असं माझ्या धाकट्या भावाला वाटतं. तो प्लंबर. जमिनीखालचे पाइप शोधायला त्याने ते पिंपिं करणारं मशीन घेतलं आणि तेव्हापासून स्वतःला फार शहाणा समजायला लागला. सोनं सापडतं ते कागदात! मी ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली सांभाळते. धुळीने नाक सतत गळत असतं, पण आजवर आम्हाला पुरलेल्या सोन्याचे जे चार डबे मिळाले ते माझ्या डोक्यामुळे.

माझा नियम एकच. पुरणारा माणूस पुरलेल्या जागेवर नजर ठेवून असतो. म्हणून आधी त्याची खुर्ची शोधायची, मग खिडकी, मग खिडकीतून दिसणारी जमीन.

घड्याळवाल्याची जाहिरात मला पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका अंकात दिसली. ‘माझी पत्नी घरातील सर्व सोने घेऊन निघून गेली आहे. तिच्याशी कोणीही व्यवहार करू नये.’ पुढचे वर्षभराचे अंक चाळले, तर पोलिसात तक्रार केल्याची एक ओळ नाही. एवढं सोनं गेलेला माणूस गप्प बसेल? म्हणजे सोनं घराबाहेर गेलंच नव्हतं. मी खुर्चीतून उडालेच.

त्या घरात आता त्याची मुलगी एकटी राहते. वय ऐंशी, आई गेली तेव्हा पाच. मी त्या मावशींना सगळं खरं सांगितलं आणि निम्मा वाटा देऊ केला. मावशींनी हात झटकला.

“सोनं तुम्हीच न्या. ते इथे आहे का, एवढंच मला कळू दे. शाळेत पोरी मला चोरटीची पोर म्हणायच्या. सोनं इथे निघालं, तर आई चोर नव्हती.”

“आणि तुम्हाला टाकून गेली, त्याचं काय?” माझ्या जिभेला हाड नाही.

“ते माफ नाही करता आलं मला,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या बाबांची खुर्ची मागच्या खोलीत होती. रस्त्याकडची खिडकी मोठी, उजेडाची. तरी घड्याळं दुरुस्त करायला ते जन्मभर मागच्या खिडकीतच बसले, असं मावशींनी सांगितलं. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार खळगे पडले होते. मी तिथे बसले. मागच्या अंगणात चहूकडे झाडं, आणि बरोबर समोर नुसतं गवत. भिंतीवरची घड्याळं सगळी बंद होती. तरी आपल्या खांद्यावरून कोणीतरी बाहेर बघतंय, असं मला वाटत राहिलं. दोनदा वळून पाहिलं. मावशी तर लांब दारात उभ्या होत्या.

गवतावर मशीन ओरडलं. धाकटा खुशीत खणायला लागला. “ताई, आता तरी मशीनचे पाय धर!” कमरेइतका खड्डा झाला आणि त्याने फावडं बाजूला ठेवलं.

“बांगड्या आहेत,” तो म्हणाला.

“मग काढ ना! मुहूर्त बघतोयस का?”

तो हलेना. “ताई, बांगड्या रिकाम्या नाहीत.”

मी वाकून पाहिलं. सोन्याच्या सहा बांगड्या, मातीतही पिवळ्याधमक, आणि त्यांच्या आत मनगटाची हाडं. माझा नियम बरोबर निघाला होता, आणि मला स्वतःचीच किळस आली.

वर पाहिलं तर खिडकीत, त्याच खुर्चीत, मावशी बसलेल्या.

“सापडलं?”

खोटं बोलायला तोंड उघडेना. “सोनं इथेच आहे, मावशी. आईंच्या हातात आहे.”

धाकट्याने पोलिसांना फोन लावला.

“म्हणजे गेलीच नव्हती,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “बाबा मला तिथेच खेळायला लावायचे. मी जरा बाजूला गेले की ते या खिडकीतून ओरडायचे. मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवतात.”

काठी न घेताच त्या बाहेर आल्या. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही. खड्ड्याच्या काठावर त्या गवतात मांडी घालून बसल्या.

“मी इथेच बसून तिला शिव्या द्यायचे,” त्या म्हणाल्या. “रोज.”