हळदीकुंकू संपल्यावर

संचिताने समोरच्या बाईला हळद-कुंकू लावलं आणि लगेच खांद्याला धरून तिला गाडीच्या दिशेने वळवलं.

"आधी तिकडे. वाण नंतर."

"अगं, तिळगूळ तरी दे आधी."

"तिळगूळ गाडीतून उतरल्यावर. नाहीतर खाऊन पसार व्हाल."

रांगेतल्या बायका हसल्या. दिवा स्टेशनाजवळच्या त्या गल्लीत, दोन बिल्डिंगींच्या मधल्या बोळात, जिथे एरवी पाण्याचा टँकर लागायचा, तिथे आज तपासणीची पांढरी गाडी उभी होती. छातीच्या कॅन्सरची तपासणी, तीही फुकट. आत मशीन होतं, नर्स होती, दाराला जाड पडदा होता. ड्रायव्हरला संचिताने स्वतः चहाच्या टपरीवर पिटाळलं होतं.

हीच गाडी डिसेंबरातही येऊन गेली होती. तेव्हा संचिता दारोदार फिरली होती. ती महिला मंडळाची अध्यक्ष होती, म्हणजे मंडळाचं काम करणारी एकटीच. प्रत्येक दारात तिला वेगळं उत्तर मिळालं. कोणी म्हणाली, दोन्ही पोरं अंगावर पाजलीत, मला नाही होणार. कोणी म्हणाली, दुखत नाही खुपत नाही, मग कशाला उकरून काढायचं? एकीने तर त्या रोगाचं नावही घेऊ दिलं नाही. नाव घेतलं की तो घर बघून ठेवतो म्हणाली. आणि संचिताच्या घरात तिच्या सासूबाई, सखुबाई, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "शोधायला गेलं की सापडतंच. आमच्या महाडकडे बायका म्हाताऱ्या होऊन मेल्या, कोणी मशीन नाय बघितलं." त्या दिवशी गाडी जवळजवळ रिकामीच परत गेली.

तेव्हा संचिताला हळदीकुंकवाची युक्ती सुचली. तपासणीला बाई घराबाहेर पडत नाही, हळदीकुंकवाला पडते. नवऱ्याला सांगावं लागत नाही, सासूला विचारावं लागत नाही, आणि चारचौघी गाडीत चढल्या की पाचवी मागे राहत नाही. रीतीप्रमाणे करंडा घेऊन ती पुन्हा दारोदार गेली आणि एकेकीला कुंकू लावून बोलावून आली. आज रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती. सखुबाई तेवढ्या वर गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून अशा कार्यक्रमांना त्या वरूनच हजर असत.

पाठीमागच्या जिन्याने रतनकाकी लाडवांचे दोन डबे घेऊन आल्या. शेवटच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांचा तिळाचा लाडू तोंडात विरघळायचा, त्यामुळे दर संक्रांतीला लाडू त्यांचेच. करंडा घेऊन फिरताना संचिता त्यांच्याही दारात गेली होती. तिथे तिने करंडा पिशवीत ठेवून फक्त ऑर्डर दिली होती.

"काकी, थांबा ना जरा."

"नको गं. सवाशिणींचं आहे. कशाला उगाच."

संचिताने आग्रह केला नाही. खरं तर तिला बरंच वाटलं. काकी थांबल्या असत्या तर कोणीतरी नाक मुरडलं असतं, आणि आज तिला कोणीच नाक मुरडलेलं नको होतं.

काकींनी डबे टेबलाखाली सरकवले. हातांना काही लागलेलं नसतानाही पदराला हात पुसत राहिल्या.

"ही गाडी कुठपर्यंत आहे?"

"आपलं आवरेपर्यंत. मग टँकरला जागा होईल, काळजी नका करू."

"बरं," काकी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

दिव्यात माणसाने काहीही विचारलं तरी ते शेवटी पाण्यावर येतं. संचितालाही दुसरं काही वाटलं नाही.

दिवेलागणीला टँकरचा हॉर्न वाजला, तशी उरलीसुरली रांग मोडली. बायका वाण सांभाळत पाइप आणायला पळाल्या. टँकरला आत यायला वाट हवी म्हणून तपासणीची गाडी घाईघाईने निघाली. संचिता टेबल घडी करत होती. कार्यक्रम इतका चांगला पार पडला होता की तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि कष्टाचं चीज झालंही. दुसऱ्या मजल्यावरच्या कादंबरीच्या छातीत वाटाण्याएवढी गाठ निघाली. तिला स्वतःला पत्ता नव्हता. होळीच्या आत ऑपरेशन झालं, पाडव्याला तिने उठून गुढी उभारली. संचिताचं नाव बिल्डिंगभर झालं. कादंबरीची सासू तर येता-जाता तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायची.

श्रावणात कळलं, रतनकाकींना मुलगी विठ्ठलवाडीला घेऊन गेली. छातीचाच. पार लिव्हरपर्यंत गेलाय.

संचिता केळी आणि मोसंबी घेऊन भेटायला गेली. काकींची मुलगी ऐश्वर्या तिला आत बसवून चहा ठेवायला गेली. काकी भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. गाल आत गेले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. लाडू वळणारे हात ते हेच, असं वाटेना.

"काकी, बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? दुखत नव्हतं गं. आंबेहळद उगाळून लावायची. वाटलं, जाईल जिरून."

"दवाखान्यात तरी..."

"पुरुष डॉक्टरला काय दाखवू? तुझ्या त्या गाडीत बाई होती. मी आलेली की खाली."

"कधी?"

"तुमचं हळदीकुंकू झाल्यावर. वरून बघत होते. म्हटलं, सवाशिणींच्या मध्ये कशाला, आवरू दे त्यांचं. पाणीवाला आला, सगळ्या पळाल्या, तेव्हा उतरले. तर गाडी निघालेली."

संचिता म्हणाली, "हात करायचा ना काकी. थांबवली असती."

"केला ना. मागच्या खिडकीत ती नर्सबाई बसलेली. तिला वाटलं, टाटा करतेय. तिने पण हलवला हात." काकी हसल्या. "गुणाची पोर."

ऐश्वर्या चहा घेऊन आली. संचिताने कप घेतला, न पिताच खाली ठेवला आणि ती रडू लागली. रतनकाकींनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवायचीही ताकद त्यांच्यात नव्हती.

"पुढच्या वर्षी हळदीकुंकू नाही करणार मी," संचिता डोळे पुसत म्हणाली. "नुसती गाडी आणेन. सगळ्यांना सारखी."

"येडी आहेस. नुसत्या गाडीला कोण येतंय? कादंबरी आली असती?"

संचिताने नकारार्थी मान हलवली.

"वाचली ना ती? मग मोडू नको. फक्त गाडी जरा उशिरा सोड. एखादी असते, तिला सगळ्यांच्या मागून यायचं असतं."

रतनकाकी कार्तिकात गेल्या. संचिता विठ्ठलवाडीच्या स्मशानाच्या फाटकापर्यंत गेली आणि बायकांबरोबर मागे फिरली. त्यानंतर कितीतरी दिवस ताटात तिळाची चटणी आली की ती बाजूला सारायची. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी हेच म्हटलं असतं की तुझी काय चूक, आणि तेच तिला ऐकायचं नव्हतं.

संक्रांत आली. संचिताने टँकर नसतो तो वार बघून गाडी बोलावली. करंडा घेऊन दारोदार फिरली. आणि जिथे करंडा उघडायचा नव्हता त्या दारांतही गेली. गल्लीच्या टोकाची पिठाच्या गिरणीवाली, पाळणाघरवाल्या आजी, नवऱ्याने टाकलेली ती शिवणवाली. प्रत्येकीला तिने हळू आवाजात सांगितलं, आमचं झाल्यावर गाडी थांबणार आहे, तेव्हा या, बाई आहे तपासायला.

घरी मात्र ती काही बोलली नाही. सखुबाईंनी आधीच तोफ डागली होती, "तुला लोकांच्या अंगात रोग हुडकायची हौसच आहे." संचिताला वाटलं, तिथे तोंड वाजवण्यात अर्थ नाही.

हळदीकुंकू झालं. कादंबरीने वाण वाटलं. बायका पांगल्या. संचिताने टेबल आवरलं, सतरंजी झटकून गुंडाळली, आणि गाडीच्या पायरीशी उभी राहिली. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ दाखवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

बोळात अंधारून आलं तशी गिरणीवाली आली, अंगावर पीठ तसंच. मग पाळणाघरवाल्या आजी. शिवणवाली आली, पायरीपर्यंत येऊन परत फिरली, मग पुन्हा आली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एकेक आत जाऊन आली आणि आली तशीच निघून गेली.

नर्सने बाहेर डोकावून विचारलं, "झालं ताई? निघायचं?"

तेवढ्यात पाठीमागच्या जिन्यावर पावलं वाजली. डोक्यावरून पदर घेतलेल्या सखुबाई कठड्याला धरून उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. संचिता पुढे धावली.

"आई, तुम्ही?"

"का? माझ्यासाठी नाय गाडी?"

संचिताने त्यांना हात दिला आणि गाडीत चढवलं. सखुबाई स्टुलावर टेकल्या. नर्सने नाव विचारलं, वय विचारलं, मग नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, काही जाणवतं का? गाठ वगैरे?"

सखुबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"तू जरा बाहेर थांब," त्या म्हणाल्या.

संचिता खाली उतरली. तिच्या मागे पडदा ओढला गेला. नर्सने विचारलेलं तिला ऐकू आलं, "कधीपासून आहे?" उत्तर ऐकू आलं नाही. ज्या बाईचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा, ती आज हळू बोलत होती.