तांबेकाकांची बाग

"काकी, लवकर खाली या. काका पाइप घेऊन उभे आहेत, आणि टाकीतलं पाणी संपत आलंय," तळमजल्यावरची श्रुती दारात उभी राहून म्हणाली.

नंदिनीने गॅस बंद केला आणि जिना उतरली. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या सोसायटीत तेव्हा एक दिवसाआड पाणी येत होतं. तिचे यजमान चंद्रशेखर तांबे कुंपणाच्या भिंतीजवळ उभे होते. पाणी वाफे भरून फाटकाखालून रस्त्यावर वाहत होतं.

"अहो, नळ बंद करा."

"थांब गं नंदिनी. सगळं वाळलंय बघ."

काहीच वाळलं नव्हतं. कोरफड बुंध्याशी सडून आडवी झाली होती. मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती.

तुर्भ्याच्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाल्यावर चंद्रशेखरांनी ही बाग केली होती. बिल्डरने टाकलेल्या राबिटाचा, फुटक्या विटा-सिमेंटचा तो कोपरा. कमिटीने हिरवळ लावायचं म्हटलं, तर हे म्हणाले, "रोज टाकीभर पाणी पिईल आणि मे महिन्यात मरेल." त्यांनी झाडांच्या मधेमधे कच्च्या मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. घराघरातलं भाज्या धुतलेलं, फिल्टरने बाहेर टाकलेलं पाणी त्यात ओतायचं. ते झिरपत झिरपत मुळांना मिळायचं. वर वाळक्या पानांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा जाड थर. अडुळसा, तगर, गोकर्ण, सगळी कमी पाण्यावर निभावणारी. नळाचं पाणी त्यांनी बागेला कधी दिलं नाही. "थोडी तहान लागू द्यायची, मगच मुळं खाली जातात," असं ते मुलांना सांगायचे. शेजारच्या सोसायट्यांतले लोक बाग बघायला यायचे, तेव्हा नंदिनी वरून चहा पाठवायची.

मग ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाणार, असंही सांगितलं. बाग मात्र त्यांच्या डोक्यातून गेली नाही. फक्त तिला पाणी दिलंय, हे त्यांना आठवेना. दिवसभर एकच घोर लागलेला, झाडं तहानलेली आहेत.

सेक्रेटरी धनेशने नळाला कुलूप लावलं. "काकी, राग मानू नका. वरच्या मजल्यावरची लोकं मला फोन करतात. आमी तरी काय करणार?"

नंदिनी रागावली नाही. कुलूप लागल्यावर चंद्रशेखर घरातलं प्यायचं पाणी बादलीने खाली नेऊ लागले. दार लावून घेतलं, तर दारावर थापा मारत. "झाडं मरतायत, कुणीतरी दार उघडा," असं रडवेल्या आवाजात म्हणत. तिला ते ऐकवत नसे, आणि ती दार उघडायची.

एका दुपारी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं. खाली जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण सरकवलेलं होतं आणि चंद्रशेखर पोटावर पडून, कमरेपर्यंत आत वाकून बादली बुडवत होते. तिने दोन्ही पाय धरले. श्रुती धावत आली, दोघींनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. त्यांच्या हनुवटीवरून रक्त येत होतं. ते बादलीच शोधत होते.

संध्याकाळी नंदिनी स्वतः धनेशकडे गेली.

"तो कोपरा फरशी टाकून बंद करून घ्या."

"काकी, असं नका बोलू. बाग काकांची आहे. मी टाकीच्या झाकणाला लॉक करतो ना."

"झाकणाला कराल, दाराला कराल. माती दिसतेय तोवर ते जाणारच. मी किती दिवस जागी राहू?"

धनेशने गवंड्याला फोन लावला.

काम सुरू झालं तेव्हा तिने चंद्रशेखरांना आतल्या खोलीत बसवून टीव्हीचा आवाज वाढवला. खालून मडकी फुटल्याचा आवाज आला. अडुळसा सहज निघाला नसावा, कुदळ बराच वेळ चालली होती. ती खिडकीशी गेली नाही.

फरशीवरून चालता येऊ लागलं तसं ती त्यांना फिरवायला खाली घेऊन गेली. वेगळ्या वाटेने न्यायचं तिने ठरवलं होतं, पण तेच त्या बाजूला वळले. ते आरडाओरडा करतील, खाली बसतील, या भीतीने तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

लाल-करड्या फरश्यांकडे त्यांनी शांतपणे पाहिलं. एकीवर चप्पल घासली.

"चांगलं केलंय. स्वच्छ. कुणी करून घेतलं?"

"मी," नंदिनी म्हणाली.

"बरं केलंत, बाई," ते अदबीने म्हणाले. "इथे नुसता चिखल असायचा."

मागून एक स्कूटर आली. चालवणाऱ्याने हॉर्न वाजवला. नंदिनी त्यांना घेऊन बाजूला झाली, आणि त्याने स्कूटर त्या फरश्यांवर भिंतीला लागून उभी केली.